सत्तावीस शिळांचा क्रम

गेल्या महिन्यापर्यंत टेकडीवरच्या देवळात दर गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमारास एक म्हातारा येत असे. चपला काढून त्या भिंतीशी नीट जोडीने ठेवी आणि उलटी प्रदक्षिणा घालायला लागे. सगळे ज्या दिशेने जात त्याच्या बरोबर विरुद्ध. समोरून येणारी माणसं त्याला धडकत. "आजोबा, उलटे चाललाय," असं कुणीतरी म्हणेच. "मी सरळच आहे, भिंत उलटी आहे," एवढं सांगून म्हातारा पुढे जाई. नव्या माणसाला वाटे, वय झालं. रखवालदार सांगे, "जाऊ द्या त्यांना. ते आकडेमास्तर आहेत."

मास्तरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. ते मूळचे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या. हात असा स्थिर की फूटपट्टी न लावता दहा फुटांची ओळ सरळ काढत. ते खालच्या गावचे. पस्तीस वर्षांपूर्वी जलाशयाच्या पाण्यात ते गाव जायचं ठरलं आणि गावातलं जुनं देऊळ दगड दगड सोडवून वर टेकडीवर बांधायचं काम आमच्या खात्याकडे आलं. जुन्या वास्तूंची निगा राखणं हेच आमच्या खात्याचं काम. दगडांवर आकडे घालायला माणूस हवा होता. मास्तरांना घेतलं आणि तेव्हापासून ते आकडेमास्तर झाले.

देवळाची ख्याती त्याच्या मागच्या भिंतीमुळे. राज्याभिषेकानंतर पुन्हा वनात जाताना सीता या गावी एक दिवस थांबली, गावच्या बायकांनी तिला तिची हकिकत विचारली, तिने ती सांगितली आणि बायकांनी ती दगडात कोरून घेतली, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरंखोटं मला ठाऊक नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला जे मोजता येतं तेवढंच मी सांगतो. भिंतीच्या चौथ्या थरात सत्तावीस शिळा आहेत, सगळ्या एका मापाच्या, दोन फूट बाय दीड फूट. पहिल्या शिळेवर तीन राण्या आणि पायसाची वाटी, सत्ताविसाव्या शिळेवर राज्याभिषेक.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं पुढचं तिच्यावर उभं आहे. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला राहतो. चालता चालता थांबून भिंतीकडे तोंड केलं, तर आपण उजवीकडून आलेले असतो आणि डावीकडे जाणार असतो. म्हणून त्या भिंतीवरची गोष्ट उजव्या टोकाला सुरू होत होती आणि डाव्या टोकाला संपत होती. शिळांमधली माणसंसुद्धा सगळी डावीकडे तोंड करून चाललेली आहेत. गावातल्या कुणाला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. आईचं बोट धरून पोर फेऱ्या घालायचं, आणि तिच्या चालण्याच्या वेगाने रामाचा जन्म व्हायचा, तो वनात जायचा आणि परत यायचा.

साध्या दगडांवर इतर रंगारी नकाशा बघून आकडे घालत होते. कोरीव थर इंजिनियरसाहेबांनी मास्तरांकडे दिला. रंगाचा एक थेंबही नक्षीवर ओघळता कामा नये, आणि दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. मास्तर आधी शिळेच्या वरच्या कडेला खडूने आकडा लिहीत. शिळा सुटून आडवी झाली की तिच्या पाठीवर लाल तेलरंगाने तोच आकडा काढत. एक ते सत्तावीस. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नाही. गोष्ट जिथून सुरू होते तिथून एक. पण माणूस चोख होता. संध्याकाळी नोंदवही भरताना त्यांनी पहिल्या पानावर, रकान्यांच्या वर, आपल्या पाटीच्या अक्षरात लिहिलं: "चौथ्या थराचे आकडे प्रदक्षिणेच्या क्रमाने आहेत. भिंतीकडे तोंड केल्यास पहिली शिळा उजव्या हाताला."

ती वही कार्यालयात आली. टेकडीवर बांधकाम करणाऱ्यांसाठी तिची टंकलिखित प्रत काढायची होती. ते काम माझ्याकडे आलं. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. वहीला पाच रकाने होते: थर, आकडा, माप, वर्णन, स्थिती. मी पाचही रकाने बिनचूक उतरवले. पहिल्या पानावरचा मजकूर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. तो मी सोडला.

शिळा निघाल्या, आणि मास्तरांना खात्याने दुसरीकडे, एका किल्ल्यातल्या पाट्या रंगवायला पाठवलं. अकरा महिन्यांनी परतले तेव्हा देऊळ उभं होतं आणि उद्‌घाटनाचा मांडव पडला होता. ते आईला घेऊन आले. तिला दिसत फारसं नव्हतं, ती भिंतीला बोटं लावत चालायची. मागच्या भिंतीशी आली, पहिल्याच शिळेवरून बोटं फिरवली आणि थांबली.

"अरे, हा आधीच गादीवर कसा बसला?"

मास्तरांनी पाहिलं. इंजिनियरसाहेबांनी नकाशा वाचतात तसा, डावीकडून, एक-दोन-तीन करत थर लावला होता. अख्खी गोष्ट उलटी झाली होती. प्रदक्षिणा घालणाऱ्याला आधी राज्याभिषेक दिसे, मग रावण मरे, मग सेतू बांधला जाई आणि शेवटी राम जन्मायचा बाकी राही. सगळ्यात वाईट म्हणजे अकरावी शिळा. तिच्यावर राम धनुष्य ताणून डावीकडे नेम धरून उभा आहे. त्याच्या पुढच्या शिळेवर हरीण पळत होतं. आता त्याच्या पुढ्यात दहावी शिळा आली होती, डोक्यावर पादुका घेऊन पाठमोरा निघालेला भरत. रामाचा बाण थेट भावाच्या पाठीवर.

"कुणी केलं हे?" आईने विचारलं.

"होईल नीट. मी सांगतो साहेबांना," मास्तर म्हणाले.

आई त्यानंतर दोन वर्षं होती. देवळात परत गेली नाही.

मास्तरांनी सांगितलं आणि चौकशी बसली. तिघांची समिती होती, इतिवृत्त लिहायला मी. खोलीत एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि मास्तरांना बसायला खुर्ची नव्हती.

"पहिला आकडा कुठून धरलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"जिथून गोष्ट सुरू होते तिथून, साहेब."

"गोष्ट नाही विचारली. डावीकडून की उजवीकडून?"

"उजवीकडून. प्रदक्षिणा तशीच जाते."

"जगात सगळे भिंत डावीकडून मोजतात आणि तुम्ही तिच्याभोवती फिरत बसलात."

"देऊळ आहे साहेब. फिरतातच."

एक सदस्य हसले, अध्यक्ष नाही. "आणि हे तुम्ही कुणाला कळवलं?"

"वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय."

अध्यक्षांनी टंकलिखित प्रत उघडली, पहिलं पान पाहिलं, उलटं करून मागूनही पाहिलं. "इथे काही नाही." मग माझ्याकडे वळले. "ही प्रत मुळाशी जुळते ना?"

मूळ वही माझ्या कपाटात होती, तिथून वीस पावलांवर. नोकरी कायम व्हायला आठ महिने होते. मी म्हणालो, "होय साहेब. सगळे रकाने जुळतात."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पाटीवर अक्षर वाकडं झालंय का, हे माणूस मागे सरून पाहतो तसं पाहिलं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

निकाल आला: शिळांचा क्रम उलटा लागला आहे, त्यास क्रमांकनातील दोष कारणीभूत आहे, दोषाची जबाबदारी रंगारी यांची. मास्तरांच्या सेवापुस्तकात ठपका लागला. ते पुढे कधी मुकादम झाले नाहीत. भिंत दुरुस्त करावी का, यावर एकच वाक्य होतं: शिळा पुन्हा काढल्यास फुटण्याचा संभव असल्याने सध्या आहे तसे ठेवावे. ते 'सध्या' तेहतीस वर्षं चाललं.

या तेहतीस वर्षांत मास्तरांनी दर वर्षी एक अर्ज दिला. ठपका काढा, असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. "चौथा थर मूळ क्रमाने लावावा, मी स्वतः उभा राहून आकडे दाखवीन," एवढंच. निवृत्त झाल्यावरही अर्ज येत राहिले. मी त्यांना आवक क्रमांक देत राहिलो. वह्या जपून ठेवायची मुदत संपल्यावर जुन्या नोंदवह्या नष्ट झाल्या, त्यात ती मूळ वहीही गेली. यादीखाली सही माझी होती.

आमची ओळख मात्र वाढली. एका खात्यात दोन माणसं इतकी वर्षं राहिली की वाढतेच. मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्या इमारतीतल्या प्रत्येक दारावरचा आकडा मास्तरांनी रंगवलेला, आणि जिना चढताना तो आपोआप उजव्या हाताला येई. वहिनी जिभेच्या तिखट. मी गेलो की म्हणायच्या, "या भाऊजी. ऐका तुम्ही थोडा वेळ, मी जरा कानांना सुट्टी देते. लग्न झाल्यापासून या घरात एकच रामायण चाललंय, आणि तेही उलटं की सुलटं, मला आता समजेनासं झालंय."

"तुला कधी समजलं होतं?" मास्तर म्हणायचे.

"समजलं होतं हो. राम वनात चौदा वर्षं होता. तुम्ही तेहतीस वर्षं तिकडेच आहात."

वहीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

दरम्यान देवळात दाखव्ये आले. प्रवाशांना भिंत समजावून सांगणं हा त्यांचा धंदा. राम भरतावर बाण का रोखतो, असं कुणी विचारलं की ते बेधडक सांगत, "भरताच्या मागावर राक्षस होते, राम त्याची पाठ राखतोय." एकदा मास्तर तिथेच उभे होते. म्हणाले, "मग राक्षस कुठे आहे?" दाखव्या म्हणाला, "मेला ना. म्हणून दिसत नाही." माणसं हसली. मास्तरही थोडे हसले, मला वाटतं, हसल्याशिवाय सुटका नव्हती म्हणून.

मग दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या एक बाई आल्या. अभ्यासू, सौम्य बोलणाऱ्या. सहा महिने त्या भिंतीसमोर बसल्या आणि त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हा क्रम मुद्दाम आहे. सीता आठवून सांगते आहे, आणि आठवण शेवटाकडून सुरुवातीकडे जाते. असं शिल्प दुसरीकडे कुठेही नाही. पुस्तक गाजलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. गर्दी चौपट झाली. संचालकसाहेबांनी देवळाचं नाव विशेष संरक्षित वास्तूंच्या यादीसाठी पाठवायचं ठरवलं. एकदा त्या यादीत नाव गेलं की दगडही हलवता येत नाही.

घोडं एकाच जागी अडलं. आमच्याच दप्तरात चौकशीचा निकाल होता, 'शिळांचा क्रम उलटा लागला आहे'. देऊळ हलवण्याआधीचे फोटो होते, पण ते एकेका शिळेचे सुटे. खालच्या गावची माणसं पांगली होती, जाणती होती ती गेली होती. संचालकांनी मला बोलावलं.

"हे आकडे घालणारे गृहस्थ हयात आहेत?"

"आहेत साहेब."

"त्यांच्याकडून लिहून घ्या. आकडे डावीकडून घातले होते आणि भिंत पूर्वीपासून अशीच होती. म्हणजे चूक झालीच नाही. चूक नाही तर ठपकाही नाही, तो आपण सन्मानाने काढू. त्यांचंही भलं, आपलंही भलं."

मी कागद घेऊन मास्तरांकडे गेलो. वहिनी इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या पलंगावर रचत होत्या. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत वाचला.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही."

"आणि इंजिनियरसाहेबही चुकले नव्हते."

"तसंच."

"मग चुकलं कोण?"

"कुणीच नाही, मास्तर."

"म्हणजे आई चुकली," ते म्हणाले. "ती जन्मभर उलटी गोष्ट सांगत होती."

वहिनींनी हातातली घडी खाली ठेवली. "अहो, करून टाका सही. तुमच्या आईला काय आता फरक पडणार आहे? सेवापुस्तकावरचा डाग तरी जाईल. लोक काय काय बोलले ते मी ऐकलंय, तुम्ही नाही."

"डाग मी धुवायला टाकला नव्हता," मास्तर म्हणाले. "मी कधी म्हटलं, माझा डाग काढा? मी म्हणतोय थर लावा."

"तो कोण लावणार? तुम्ही? गुडघे बघा स्वतःचे."

"आज नाही लावला तर उद्या कुणीतरी लावील. कुणाला तरी वाटेल, बघू या बुवा या भिंतीचं काय म्हणणं होतं." त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "राहू द्या साहेब."

इतक्या वर्षांच्या ओळखीत ते मला घरी 'साहेब' म्हणत नसत.

संचालकांना मी सांगितलं, सही मिळत नाही. त्यांनी खुर्ची वळवली. "त्या वेळी नोंदवही कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या."

"प्रत कुणी काढली?"

"मी."

"मग तुम्हीच की. तुमच्याइतका खात्रीचा माणूस कोण? मूळ वही तुम्ही पाहिली होती, आकडे डावीकडून होते, एवढं प्रमाणित करा. त्या गृहस्थांचा ठपका मी त्याच दिवशी काढतो. चार महिन्यांत तुम्हीही निवृत्त होताय, सगळं नीट बांधून जा."

मी सही केली. मनाशी म्हटलं, मास्तरांसाठी करतोय. त्यांच्या माथी मारलेलं निदान मी उतरवतोय. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की आता ती प्रत कायमची मुळाशी जुळली होती.

तीन आठवड्यांत आदेश निघाला. 'क्रमांकनात कोणताही दोष आढळून येत नाही. शिळांचा क्रम मूळचाच आहे. पूर्वीचा निकाल व त्याखालील ठपका रद्द करण्यात येत असून संबंधित कागद दप्तरातून काढण्यात येत आहेत.' मी तो पोस्टाने पाठवला नाही. स्वतः घेऊन गेलो.

मास्तर दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. वाचायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, डोळे भरले असतील. चष्म्यातून वर पाहिलं तेव्हा डोळे कोरडे होते.

"जुना निकाल रद्द झाला?"

"झाला."

"तो कागद फाडला?"

"नियमाप्रमाणे."

"त्यात एक ओळ होती," मास्तर म्हणाले. "'शिळांचा क्रम उलटा लागला आहे.' सरकारी शिक्क्यासकट. माझ्यावर ठपका होता तोवर निदान भिंत चुकलीय हे कुठेतरी लिहिलेलं होतं. तेवढ्यासाठी मी तो तेहतीस वर्षं वागवला. तुम्ही तोही काढून घेतलात."

मी बोलायचं ते चौकशीच्या खोलीत बोलायला हवं होतं.

"प्रमाणपत्र कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने पाटीचा मजकूर बदलून दिला होता. "तुम्ही ते पहिलं पान वाचलं होतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पानाच्या कोपऱ्यावर तुमचा बारीक शिक्का होता, 'तपासले' म्हणून. चौकशीच्या आधी, तुम्ही जागेवर नसताना, मी शिपायाकडून वही मागून बघून गेलो होतो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"नोकरी कायम व्हायची होती तुमची," ते म्हणाले. "वाटलं, सांगेल स्वतःच."

आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा ठेवू का?" मास्तर म्हणाले, "त्यांना घाई आहे."

देऊळ यादीत गेलं. मागच्या भिंतीपुढे दोरी लागली. प्रदक्षिणेचा मार्ग दाखवणारे बाण रंगवले गेले, एकाच दिशेचे. उलटं जायला मनाई आहे. मास्तर त्या गुरुवारी आले होते, रखवालदाराने सांगितलं. त्याला त्यांना अडवणं जिवावर आलं, पण वरून हुकूम होता. मास्तरांनी बाणाचं रंगकाम वाकून पाहिलं, "कडा फुटल्यात," म्हणाले, आणि चपला घालून गेले. त्यानंतर आलेले नाहीत.

परवा त्यांचा अर्ज आला. तेच पाटीचं अक्षर, आता किंचित थरथरतं. 'माझ्यावरील ठपका माझ्या संमतीशिवाय काढण्यात आला आहे. तो पूर्ववत लावावा, ही विनंती. सोबत इतर काही मागणी नाही.'

अर्ज माझ्याच टेबलावर आला. असा अर्ज कुठल्या नियमाखाली घ्यायचा, ते मला सापडलं नाही. ठपका काढायचे नियम आहेत, परत लावून द्यायचा नाही. आवक क्रमांक दिला. नोंदवहीत विषयाचा रकाना असतो, तो रिकामा ठेवून चालत नाही.  मग तिथे 'किरकोळ' असं लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.